सामानापाशी बसून पाहिलेलं वाळवंट

स्टुटगार्ट, रविवार दुपार

तीर्थस्वरूप सौ. शुभाताईंच्या चरणी कुंदाचा साष्टांग नमस्कार (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, कारण प्रवासातून आल्यापासून मी खाली बसले की उठवायला माणूस लागतं, तरी गोड मानून घ्यावा).

तुमचे गुडघे कसे आहेत? डावा गेल्या दिवाळीत कुरकुरत होता, तो आता गप्प बसला का? की उजव्यानेही त्याची बाजू घेतली? जिना चढवतो का? उतरताना काय म्हणतात? हे मी पत्राचा मायना भरायला विचारत नाही, ताई. खरंच विचारते आहे आणि उत्तर सविस्तर हवं आहे. राजाभाऊंची साखर, परसातला शेवगा आणि सकाळचा रेडिओ हे तिघंही ठीक असतील अशी आशा करते. इकडे आजारी कुणी नाही. दमलेले मात्र सगळे आहोत, आणि सगळ्यांत जास्त मी.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की, आपल्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे आणि स्पीकरशेजारी तुमचे बंधुराज बसतात. मी एक वाक्य बोलले की ते त्याची दुरुस्ती करतात. मी म्हणावं खूप ऊन होतं, की हे म्हणणार, ‘तसं खूप नव्हतं ताई, कोरडं होतं.’ मग मूळ गोष्ट राहते बाजूला आणि आम्ही दोघं उन्हावरून वाद घालतो. ह्यांच्या कंपनीतले जयंत पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येताहेत, त्यांच्या हाती हे पाठवते. आत्ता हे खाली केलरमध्ये (म्हणजे तळघरात, जर्मन माणूस नको असलेलं सगळं तिथे ठेवतो आणि मग रविवारी जाऊन बघतो) सायकलला तेल घालत बसलेत, तेवढ्यात लिहून होईल.

आमचे अमेरिकेचे फोटो तुम्हाला मिळाले. सगळ्या फोटोंत हे आहेत, उर्जा आहे, दगड आहेत. कुंदा कुठे आहे, असं तुम्ही उर्जाला विचारलंत म्हणे. घरात हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडलेला नाही. कुंदा कुठे होती, तेच सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. आम्ही नव्याने इथे आलो तेव्हाचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. टेकडीच्या पोटात होतं. स्वयंपाकघर रस्त्याच्या खाली, त्यामुळे खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे. हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मला भाषा येत नव्हती आणि बुटांशी काय बोलणार? त्या स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेलं एक कॅलेंडर होतं. त्यातल्या एका पानावर लाल दगडाची कमान होती. एकटीच उभी, आणि तिच्या मधून पलीकडचं आभाळ. महिना संपला तरी मी ते पान उलटलं नाही. वर्ष संपलं तरी नाही. हे म्हणाले, ‘जुनं झालं, टाकून दे.’ मी म्हटलं, राहू दे, भिंतीला भोक आहे ते झाकलं जातं. (भोक नव्हतं.) कणीक मळताना मी तिच्याकडे बघत असायचे. एवढी मोठी वस्तू, मधे सगळी रिकामी, आणि तरी उभी आहे, याचा मला फार धीर वाटायचा. एवढंच. पुढे आम्ही घरं बदलली, भाषा आली, उर्जा झाली, मला नोकरी लागली. पान माझ्याबरोबर प्रत्येक स्वयंपाकघरात आलं. प्रत्येक घरात ते कुठलं ना कुठलं भोक झाकतं.

या वर्षी ह्यांची उरलाउब साठली होती (उरलाउब म्हणजे रजा, इथे ती घेतली नाही तर साहेब रागावतो, हे राजाभाऊंना सांगा, त्यांना बरं वाटेल). उर्जा कायझर्सलाउटर्नहून घरी आली होती, ती मला म्हणाली, ‘आई, तुला कुठे जायचंय?’ अख्खा प्रश्न मराठीत विचारला, यावरूनच ओळखा किती मनापासून विचारला असेल. मला असं कुणी विचारायची सवय नाही. मी भिंतीवरच्या पानाकडे बोट दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि म्हणाले, ‘हे अमेरिकेत आहे. आर्चेस नॅशनल पार्क. यूटा राज्य. वाळवंट आहे.’ आणि त्या दिवसापासून ती सहल माझी राहिली नाही, ह्यांची झाली.

आता इथे ह्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. कारखान्यात यंत्र तयार झालं की गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याची ‘आबनामे’ होते. म्हणजे एक माणूस पुढे जाऊन सगळं तपासतो आणि ठीक आहे अशी सही करतो. तो माणूस म्हणजे हे. उभा जन्म सह्या करण्यात गेला, त्यामुळे घरीही दुसरं काही जमत नाही. कुठेही गेलो की म्हणतात, ‘आल्झो कुंदा (आल्झो म्हणजे ‘तर मग’), तू सामानापाशी बस. मी पुढे जाऊन बघून येतो. बघण्यासारखं असेल तर बोलावतो.’ जातात, परत येतात, रुमालाने मान पुसतात आणि सांगतात, ‘काही विशेष नाही.’ इतक्या वर्षांत एकदाही मला बोलावणं आल्याचं आठवत नाही. कलोनचं ते एवढं मोठं चर्च, मी बाहेरच्या पायऱ्यांवर. न्युरेम्बर्गचा किल्ला, मी फाटकाशी. बव्हेरियातला राजाचा राजवाडा मी पायथ्याच्या बाकावरून, मागून पाहिला. जर्मनीतल्या बाकांबद्दल मात्र मला कुणीही विचारावं. कुठलं सकाळी उन्हात असतं, कुठल्याला पाठ नाही, कुठल्यावर कबुतरं येतात, सगळं तोंडपाठ आहे.

पण ताई, यात तुमच्या भावाचा एकट्याचा दोष नाही. सामानापाशी कुणीतरी बसलंच पाहिजे, हे मी तुमच्या घरात आणि तुमच्याच शेजारी बसून शिकले. लग्नानंतर आपण चौघं वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो, आठवतं? दर्शन झालं आणि मग लेणी ‘कशी काय आहेत’ ते बघायला हे आणि राजाभाऊ पुढे गेले. आपण दोघी चपला, पिशव्या आणि तुमचा तो पितळी तांब्या सांभाळत झाडाखाली बसलो. दोघं परत आले तेव्हा राजाभाऊ म्हणाले, ‘काही विशेष नाही. डोंगर कोरलाय.’ आणि आपण चौघं उसाचा रस पिऊन एसटीत बसलो.

असो. प्रवासाचं फार सांगत नाही. फ्रँकफुर्टहून एक विमान, मग दुसरं विमान, मग भाड्याची गाडी, आणि शेवटी पाठीचा कणा कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते तेच कळेनासं झालं. झोप जर्मनीतच राहिली. बरोबर आमची नेहमीची सामानाची बॅग होतीच. थालीपीठं, शेंगदाण्याचे लाडू, लिंबाच्या लोणच्याची बरणी, थर्मास, छत्री आणि ह्यांचा जादाचा स्वेटर (वाळवंटात). मला वाटायचं वाळवंट म्हणजे वाळू. पण तिथे वाळू म्हणावी अशी नाहीच, नुसते दगड. गेरूच्या रंगाचे, शेंदराच्या रंगाचे, भाजलेल्या विटेच्या रंगाचे, उंचच उंच, आणि ऊन असं की घाम येण्याआधीच वाळतो. एका ठिकाणी बारीक सुळक्यावर एवढा मोठा धोंडा नुसता ठेवल्यासारखा उभा आहे. सगळे लोक तोंडाचा आ करून बघत होते. तुमच्या भावाने मागून पुढून पाहिलं आणि म्हणाले, ‘हे डिझाइन पास झालं नसतं.’ उर्जा म्हणाली, ‘बाबा, दास इस्ट नाटूअर.’ (बाबा, हा निसर्ग आहे.) त्यावर हे म्हणाले, ‘म्हणूनच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कमानीकडे निघालो. ती बघायला चढ चढावा लागतो. झाड नाही, सावली नाही, उघडा तुळतुळीत कातळ. उर्जा म्हणाली, बॅग गाडीत ठेवू. हे म्हणाले, गाडी तापेल आणि लोणच्याची बरणी फुटेल, मग भाड्याच्या गाडीला जन्मभर वास येईल. (यात तथ्य आहे.) म्हणून बॅग बरोबर. उचलली ह्यांनीच, खोटं कशाला बोलू? सामान नेहमी हेच उचलतात. फक्त त्याच्यापाशी बसायचं काम माझ्याकडे असतं. मी त्या कातळावर कशी चढले ते माझं मला माहीत. दर वळणाला वाटायचं आता दिसेल, पण ती कमान अगदी शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही. उर्जा पुढे पळाली होती. त्या शेवटच्या वळणाच्या अलीकडे, कड्याच्या एका सावलीत ह्यांनी बॅग खाली ठेवली. पुढची वाट न्याहाळली. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. म्हणाले, ‘वाट अरुंद आहे, बॅग घेऊन जमायचं नाही. आल्झो कुंदा...’ पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे.

आणि ताई, मी बसले. इतकी विमानं, इतका चढ, आणि जिच्यासाठी आले ती एका वळणापलीकडे. तरी ते वाक्य कानावर पडलं आणि माझे पाय आपोआप दुमडले.

तिथे नुसतं बसायची पद्धत नाही हे मला थोड्या वेळाने कळलं. जाणारा येणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, तुम्ही बऱ्या आहात ना? पाणी हवं का? एक जर्मन जोडपं (जॅकेटवरूनच ओळखलं) काळजीने ‘अलेस गूट?’ (सगळं ठीक ना?) म्हणालं. मी बॅगेकडे बोट दाखवलं, तर त्यांनी बॅगेचीही चौकशी केली. वरून उतरणारे लोक सांगायचे, अगदी थोडं राहिलंय, इथवर येऊन सोडू नका, बघाच. मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होते आणि बॅगेचा पट्टा हातात धरून होते.

तिथे त्या कातळावर जागोजागी दगडावर दगड रचून ठेवलेले दिसत होते. आता आपल्याकडे देवीच्या डोंगरावर आपण काय करतो? दगडावर दगड रचून मागितलं की आपलं घर होतं म्हणतात. माझ्या मनात आलं, स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळत नाही, तशीच इथेही अडचण दिसते. रिकाम्या हातांनी बसायची मला सवय नाही. उर्जाला कायझर्सलाउटर्नमध्ये धड खोली मिळत नाहीये, म्हणून एक घर तिच्यासाठी रचलं. चांगलं मजल्यावर मजला. मग हात लागलेलाच होता, तर दुसरं रचलं. स्वतःसाठी घर मागायचं काही कारण नव्हतं, घर आहे. म्हणून मी मागणं बदललं. म्हटलं, मला एकदा ती बघू दे. हे कुणाकडे मागितलं ते माहीत नाही, तिथे देवी नव्हती.

थोड्या वेळाने लोक वाट सोडून माझ्याकडे यायला लागले. एक, मग चार, मग एक मोठा घोळका. येऊन माझ्यासमोर उभे राहायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि चेहरे पाडून परत जायचे. एका आजोबांनी तर बॅगेचा फोटो काढला. शेवटी मोठी हॅट घातलेल्या उद्यानाच्या एक अधिकारी बाई आल्या आणि फार अदबीने म्हणाल्या, ते दगडांचे ढीग वाट दाखवण्यासाठी आमच्या खात्याने रचलेले असतात. कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून लोक ढीग बघत चालतात. तुम्ही रचलेले कृपया मोडा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आधी उर्जाची खोली मोडली, मग माझं मागणं मोडलं, आणि दगड उचलले होते तिथे नेऊन ठेवले. बाई उभ्या होत्या. जाताना त्यांनी सहज विचारलं, कमान बघून झाली का? मी म्हटलं, माझे मिस्टर बघताहेत.

बाईंना काही समजलं नाही. त्यांनी परत विचारलं, हो, पण तुम्ही? ‘माझे मिस्टर बघताहेत’ हे वाक्य मी मराठीत जन्मभर बोलत आले असेन, पण इंग्रजीत बोलले तेव्हा ते पहिल्यांदा माझं मला ऐकू आलं.

तेवढ्यात हे आले. रुमाल काढला, मान पुसली. ‘काही विशेष नाही,’ म्हणाले. ‘तुझ्या कॅलेंडरमध्ये आहे तशीच आहे. फोटो काढलेत. चल, ऊन चढतंय.’ आणि बॅग उचलायला वाकले. ताई, मला राग आला नाही. रागवायलाही अंगात दम लागतो. मी फक्त उठले आणि म्हटलं, ‘अहो, तुम्ही बसा सामानापाशी.’

‘मी?’

‘तुम्ही.’

‘पण मी बघून आलोय, काही...’

‘माहीत आहे. बसा.’

‘बसून मी करू काय?’ असं त्यांनी अगदी खरोखरीच्या काळजीने विचारलं. एवढा मोठा इंजिनिअर, पण हे काम कधी केलेलं नाही. मी म्हटलं, ‘लाडू खा. फक्त दगडांना हात लावू नका.’

वाट फार काही अरुंद नव्हती. वारा होता. भिंतीला एक हात लावून मी गेले, आणि भिंत संपली तिथे ती उभी होती. कॅलेंडरात ती माझ्या तळहाताएवढी होती. इथे आमच्या बिल्डिंगीएवढी आहे. कॅलेंडरात खालचा भाग तारखांनी झाकलेला होता, त्यामुळे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं की ती एका मोठ्या कातळाच्या वाडग्याच्या अगदी कडेवर उभी आहे, आणि तिच्यापलीकडे दूर बर्फाचे डोंगर आहेत. मी खाली बसले. मांडीवर काही नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. मग मी रडले, ताई. त्या बुटांच्या खिडकीतल्या कुंदाला हाताला धरून इथे आणावं आणि शेजारी बसवावं, असं फार वाटलं. उर्जा येऊन टेकली. ‘आई, फोटो काढू?’ नको म्हटलं. म्हणून मी फोटोंत नाही. मन भरेपर्यंत बसले, मग उठले.

परत आले तर हे ताठ बसलेले, एक हात बॅगेवर, लाडूचा डबा न उघडलेला. म्हणाले, ‘इथे बसायची काही सोय नाही. सारखे लोक येऊन बरं आहे का विचारतात. एकाने मला पाणी पाजलं.’ मग बॅग खांद्यावर घेत विचारलं, ‘कशी वाटली?’

मी सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. पण ती मी इतक्या वर्षांनी बघितली होती, आणि एवढ्यात ती कुणाच्या सहीसाठी पुढे करवेना. म्हटलं, ‘काही विशेष नाही.’

‘गेनाऊ,’ (म्हणजे अगदी बरोबर) हे एकदम खूष झाले. ‘मी म्हटलं नव्हतं?’ तेव्हापासून इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगत सुटलेत, कुंदालासुद्धा काही विशेष वाटलं नाही. काल स्वयंपाकघरात म्हणाले, आता प्रत्यक्ष बघून झालं, ते पान काढायला हरकत नाही. मी म्हटलं, राहू दे, भोक दिसेल.

तर अशी ही सहल. अंग अजून दुखतंय आणि कपड्यांतून लाल धूळ निघते आहे. राजाभाऊंना नमस्कार सांगावा. पत्र वाचून झाल्यावर चहाच्या डब्यात ठेवू नये, तो राजाभाऊ उघडतात.

तुमची,
कुंदा

ता. क. : लोणच्याची बरणी सुखरूप परत आली. स्वेटर कुणी घातला नाही.

आणखी एक ता. क. : गुडघ्यांचं आता सांगते. डिसेंबरात आम्ही दोघं येतो आहोत. तुम्ही राजाभाऊंच्या कानावर घाला की घृष्णेश्वराला जायचं मनात आहे. दर्शनाला ते नाही म्हणणार नाहीत. दर्शन झालं की चौघांनी लेण्यांच्या फाटकापर्यंत जायचं. तिथे आपण दोघींनी पिशव्या आणि तांब्या त्या दोघांच्या पुढ्यात ठेवायचे आणि काही न बोलता आत चालू लागायचं. चपला ठेवायच्या नाहीत, आपल्याला लागतील. झाडाखाली त्यांना बसायला चांगली जागा आहे, ती आपल्याला पाठ आहे. हळूहळू जाऊ, तुम्ही म्हणाल तिथे थांबू, माझा हात धरा. पण एवढा कोरलेला डोंगर आपण दोघींनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही. म्हणून विचारलं, डावा कसा आहे आणि उजवा काय म्हणतो. आजपासून रोज थोडं चालायला लागा.

शेवटचं ता. क. : हे तेल घालून वर आलेत आणि दारातून विचारताहेत, ताईला एवढं काय लिहिते आहेस? मी सांगितलं, काही विशेष नाही. आता ते तुम्हाला फोन करून विचारतील, पत्रात काय होतं म्हणून. तुम्हीही तेच सांगा.